जोत्याखालची खोली : आज काय करायचं, उद्यावर काय ठेवायचं

मागच्या भागात आपण घराच्या जोत्याबद्दल बोललो, तेव्हा शेवटी एका वहिनींचा फोन आला होता. त्यांचं घर उतारावर आहे. त्यांनी विचारलं, "जोत्याखाली खोली काढायची हौस आहे, पण पैसे वरच्या घरापुरतेच आहेत. आत्ता नुसतं खणून, भिंती घालून ठेवलं आणि बाकीचं चार वर्षांनी केलं, तर चालेल का?"

चालतं. आमच्या पाटण तालुक्यात डोंगरउतारावर कितीतरी घरं अशीच झाली आहेत, माझंही झालं आहे. पण आम्ही त्यात एक चूक केली. ती पुढे सांगते, कारण ती मला महागात पडली आणि जीवावरही बेतली असती.

आधी जागेचं बोलू. उतारावरच्या घराला मागच्या बाजूला जमीन वर असते, पुढे खाली असते. समजा घर २० फूट रुंद आहे, उताराच्या दिशेने २५ फूट लांब आहे आणि तेवढ्या लांबीत जमीन ७ फूट उतरते. मागच्या बाजूला जोतं २ फूट धरलं, तर पुढे ते ९ फूट होतं. सरासरी साडेपाच फूट. आता ५०० चौरस फुटांना साडेपाचने गुणा. २७५० घनफूट, म्हणजे साडेसत्तावीस ब्रास भराव. मुरुमाच्या गाड्या मोजत बसायचं, वर तो दाबायचा, त्याला धरून ठेवायला चारी बाजूंनी भिंत हवीच. एवढं करून पायाखाली नुसती माती.

त्याऐवजी पुढचे १२ फूट पोकळ ठेवले आणि मागचे १३ फूटच भरले, तर भराव दहा ब्रासवर येतो. पोकळ भागातली जमीन सपाट करताना चारेक ब्रास माती निघते. त्यात मुरूम असेल तर तीच मागे टाकायची. आणि हाती लागते २४० चौरस फुटांची जागा. आमच्याकडे याला तळघर म्हणतात, पण खरं म्हणजे हे अर्धं तळघर. पाठ मातीत, तोंड मोकळं. तोंड मोकळं असणं हेच त्यातलं मोठं सुख आहे, कारण आत आलेलं पाणी आपल्या पायाने खाली निघून जाऊ शकतं. सपाट जमिनीवर खड्डा खणून केलेल्या तळघराला ही सोय नाही. तिथे पाणी साठलं की मोटार लावायची, आणि ऐन पावसात वीज गेली की बघत बसायचं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घर सपाट जागेवर असेल, त्यातून काळी जमीन असेल, तर तळघराचं नाव काढू नका. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. दरवर्षी ती भिंतीला एकदा ढकलते, एकदा सोडते. तिथे तेच पैसे जोतं उंच करण्यात घाला. जांभ्याच्या जमिनीतही जपून, कारण जांभा सच्छिद्र असतो, त्यातून पाणी कुठून कुठे येईल सांगता येत नाही.

जागा कशी आहे हे कळायला पैसे लागत नाहीत. श्रावण-भाद्रपदात शेजारच्या विहिरीत डोकावा. पाणी जमिनीपासून किती खाली आहे? तुमच्या खोलीची जमीन त्याच्या वर राहते का? विहीर नसेल, तर पावसाळ्यात एका कोपऱ्यात खोलीच्या जमिनीपर्यंत खड्डा घ्या, वर पत्रा टाका, भोवती माती लावा म्हणजे वरचं पाणी जाणार नाही. पोरं पडणार नाहीत असं कुंपण मात्र नक्की करा. दोन-तीन दिवसांनी बघा. खड्ड्यात खालून पाणी चढलं असेल, तर उत्तर मिळालं. उन्हाळ्यात खणून कोरडं दिसलं म्हणून खूश होऊ नका.

आणि उतार फार उभा असेल, वरच्या बाजूला जमिनीला भेगा दिसत असतील, झाडं वाकडी झाली असतील, नवा झरा फुटला असेल, तर तिथे डोंगराचा पायथा खणायचाच नाही. डोंगराने पाणी धरलं की काय होतं, हे आपण माळीणला २०१४ मध्ये पाहिलं, तळियेला २०२१ मध्ये पाहिलं.

आता आमची चूक.

आमचं काम दिवाळीनंतर सुरू झालं. इंजिनिअरने नकाशात मागची भिंत सळईची, काँक्रीटची दाखवली होती. मिस्त्री म्हणाले, एवढं कशाला, नऊ इंची विटेची घालू. तिथे मी ऐकलं नाही. विटेची भिंत वरचं वजन सरळ खाली नेते, पण बाजूने ढकललं की उभी राहत नाही. माती धरायला एक तर सळईची भिंत हवी, नाहीतर जुन्या पद्धतीची डबराची, आणि तीही पायथ्याला उंचीच्या निम्म्याहून जाड. एवढं मी कुठेतरी ऐकलं होतं आणि त्यावर अडून बसले. त्याचं कौतुक झालं नाही. "बायका आता सळई मोजणार," असं भाऊजी म्हणाले.

भिंत झाली मे महिन्यात. वरचा स्लॅब अजून पडायचा होता, सेंट्रिंगवाल्याची वाट बघत होतो. शेजारी जेसीबी आला होता. आमचे हे म्हणाले, गाडी दारात आहे, भिंतीमागचा खड्डा भरून घेऊ, म्हणजे एक काम उरकेल. मीही हो म्हटलं, कारण तासाचं भाडं वाचत होतं. भिंत तेव्हा पाच दिवसांची होती. तासाभरात माती ढकलून झाली. त्या रात्री वळीव पडला. सकाळी बघते तर भिंतीला आडवी भेग, आणि वरची कड दीड इंच पुढे कललेली. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझी दोन्ही मुलं त्याच भिंतीच्या सावलीत खेळत होती.

इंजिनिअर आले, त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि मग समजावून सांगितलं. तुम्हीही करून बघा. एक फळी जमिनीत खालून रोवा आणि वरच्या टोकाला बोटाने ढकला. लगेच झुकते. आता वरचं टोक कुणाला तरी धरायला सांगा आणि मध्ये ढकला. किती जोर लागतो? आमच्या भिंतीचं वरचं टोक धरणारा हात म्हणजे तो स्लॅब. हिशेब तसाच धरलेला होता. हात यायच्या आधीच आम्ही ढकललं.

वर पाणी. नुसती कोरडी माती जेवढी ढकलते, त्यापेक्षा पाणी भरलेली माती कितीतरी जास्त ढकलते. भिंतीमागे एक मीटर उंच पाणी साठलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर अर्धा टन जोर येतो. दोन मीटर साठलं तर एक टन येईल असं वाटतं ना? येतो दोन टन. उंची दुप्पट, जोर चौपट. आमची भिंत सहा मीटर लांब. म्हणजे बारा टन नुसत्या पाण्याचे, मातीचे वेगळे.

माती हाताने, फावड्याने काढावी लागली, कारण जेसीबी परत त्या कडेला न्यायचा नव्हता. भिंतीचा वरचा भाग तोडून सळया सरळ करून पुन्हा घातला. गटातून मी मिरची-मसाल्याच्या गिरणीसाठी चाळीस हजारांचं कर्ज उचललं होतं. ते त्या भिंतीत गेलं. गिरणी दोन वर्षं लांबली, हप्ते मात्र दर महिन्याला माझ्याच नावावर. गटातल्या बायकांनी सांभाळून घेतलं, पण बैठकीत मान वर करून बसवत नव्हतं, हे खरं.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. पाया, भिंत, वरचा स्लॅब, त्याला पुरेसे दिवस पाणी मारणं, आणि मगच मागचा भराव. भरावही एकदम नाही, सहा-सहा, नऊ-नऊ इंचांचे थर देऊन धुमसून. काळी माती भरावात नको. भिंतीलगत फूटभर रुंदीत खडी आणि बाकी मुरूम. पाणी मारायचं म्हणजे आजकालच्या पीपीसी सिमेंटला निदान दहा दिवस, कडक उन्हात चौदा. हे काम सगळीकडे बायकांच्याच गळ्यात असतं, म्हणून सांगते, भिंतीवर गोणपाट लावा, ते ओलं ठेवा. नुसता पाइप फिरवला की दहा मिनिटांत भिंत सुकते.

आता मूळ प्रश्न. अर्धवट ठेवायचं ते काय आणि आत्ताच करायचं ते काय? मी एकच कसोटी लावते. जे मातीत किंवा काँक्रीटमध्ये गाडलं जाणार आहे, ते आत्ता. जे डोळ्यांना दिसत राहणार आहे, ते नंतर केलं तरी चालतं.

पहिला मान पाण्याचा. भिंतीच्या मातीकडच्या बाजूला ओल अडवणारा गिलावा आणि त्यावर डांबराचे दोन हात भराव टाकायच्या आधीच द्यावे लागतात. नंतर आतून कितीही महागडं रसायन फासा, पोपडे येतातच, कारण पाणी मागून ढकलत असतं. त्याच वेळी भिंतीच्या पायथ्याशी, खोलीच्या जमिनीपेक्षा खालच्या पातळीला, भोकं पाडलेला चार इंची पाइप टाकायचा. त्याभोवती खडी, वर जाड रेती, मग मुरूम. पाइपाला दहा फुटाला सव्वा इंच उतार द्यायचा आणि तोंड घराच्या पुढे उघड्यावर काढायचं. पहिल्या पावसात त्या तोंडातून पाणी वाहताना दिसलं की समजायचं, तेवढं पाणी भिंतीवरून उतरलं. तोंडाला जाळी लावा, नाहीतर उंदीर घर करतात. नुसतीच बांधाची भिंत असेल तर तिच्यातून ठिकठिकाणी पाइप काढून पाणी पुढे सोडतात. खोलीच्या भिंतीला तसं करायचं नाही, पाणी आपल्याच पुढ्यात येईल. मिस्त्री सवयीने भोकं ठेवतात, बघत राहा.

घराच्या मागच्या बाजूला पागोळ्या थेट भिंतीमागच्या भरावात पडू देऊ नका. पन्हळ लावा, आणि डोंगराकडून येणारं पाणी अडवायला वर एक चर काढून ते बाजूने न्या. ही चर दरवर्षी मृगाच्या आधी साफ करायची.

दुसरी गोष्ट उंची. जोतं पुढून नऊ फूट म्हणजे बरंच वाटतं. पण मोजून बघा. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून खोलीची जमीन बाहेरच्यापेक्षा अर्धा फूट वर. स्लॅबची जाडी पाच इंच. राहिले आठ फूट एक इंच. त्यात बीम स्लॅबच्या खाली फूटभर उतरतो. पुढे कोबा आणि फरशी म्हणजे आणखी तीन इंच. बीमखाली उरले सहा फूट दहा इंच. डोक्यावर पाटी घेऊन बाई जाणार कशी? म्हणून आधी शेवटच्या फरशीपासून स्लॅबपर्यंत निदान आठ फूट मोकळे राहतील असा हिशेब धरायचा आणि मग जोतं किती उंच, जमीन किती खोल, हे मागे मागे ठरवायचं. पुढे दोन खोल्या करायच्या असतील, तर आडवी भिंत जिथे येणार तिथेच बीम यायला हवा. म्हणजे तो भिंतीत लपतो.

काहीजणी म्हणतात, आत्ता जोतं भरून टाकू, पैसे आले की खालून कोरून काढू. हे कधीच करू नका. घर ज्या मातीवर बसलंय तीच माती काढायची ती. तसं करता येतं, पण त्याला येणारा खर्च आणि धोका आपल्या आवाक्यातला नाही.

पाइप आणि भोकांचं थोडक्यात सांगते. खाली कधीतरी संडास-मोरी होणार असेल, तर भिंतीत चार इंची आणि तीन इंची पाइपाचे तुकडे आत्ताच बसवून, दोन्ही तोंडं बंद करून ठेवा. सेप्टिक टाकी खोलीच्या जमिनीपेक्षा खालच्या बाजूला हवी, नाहीतर मैला चढून येईल, आणि विहिरीपासून लांब हवी. वायरीच्या नळ्या स्लॅब टाकतानाच सोडा. आतून जिना हवा असेल, तर स्लॅबमध्ये त्याची जागा आत्ताच ठेवावी लागते, साधारण साडेतीन फूट रुंद, दहा फूट लांब, आणि ती फळ्यांनी घट्ट झाकावी लागते. नंतर स्लॅब फोडायचा म्हणजे सळया कापायच्या. आम्ही जिना ठेवलाच नाही. बाहेरून जाते-येते, काही बिघडत नाही.

खिडक्यांवर मात्र काटकसर नको. जमिनीच्या क्षेत्राच्या दहाव्या हिश्शाइतकी तरी उघडझाप हवी. २४० फुटांना २४ फूट. पुढच्या बाजूला दार-खिडकी येतेच, पण समोरासमोर वारा खेळायला बाजूच्या भिंतींत, जिथे जमीन खाली उतरलेली असते तिथे, वरच्या अंगाला झरोके ठेवा. पैसे नसतील तर चौकटी बसवू नका, नुसती जागा सोडा आणि मातीत विटा रचून बुजवा.

उरलं काय? आतला गिलावा, फरशी, रंग, आडव्या भिंती, दारं, नळ. हे सगळं दहा वर्षांनी केलं तरी घराला काही होत नाही.

एक मात्र. पुढची बाजू नुसत्या खांबांवर उघडी ठेवून वर भरभक्कम घर उभं करायचं असेल, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको. उतारावर पुढचे खांब उंच, मागचे आखूड, आणि भूकंपात आखूड खांबावर जास्त ताण येतो. आमच्याकडे ११ डिसेंबर १९६७ ची पहाट अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. कोयनेच्या परिसरात ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही.

आता हवेबद्दल, आणि हे जरा कान देऊन ऐका. अशी खोली रिकामी असली की आपण लगेच धान्य ठेवतो. पूर्वी पेवं होती. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. बंद जागेत धान्य श्वास घेतं, त्यातून जड वायू तयार होतो आणि तळाशी साचून बसतो. कंदील सोडून बघायचे. कंदील विझला तर उतरायचं नाहीच, पण पेटता राहिला म्हणून हवा चांगली आहे असंही नाही, कारण काही विषारी वायूंनी कंदील विझत नाही. आपली खोली पेव नव्हे, तरी महिनाभर बंद असेल तर दार-खिडकी उघडून, वारा खेळू देऊनच आत जा, आणि एकटीने जाऊ नका.

धान्यात कीड लागू नये म्हणून सल्फासच्या गोळ्या ठेवायची सवय गावोगाव आहे. राहत्या घरात, आणि घराखालच्या खोलीत तर मुळीच, त्या ठेवू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो. दाराच्या फटीतून, झरोक्यातून तो वर झोपलेल्या माणसांपर्यंत पोचू शकतो. त्या विषावर नेमकं औषध नाही. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला, तर शोधत बसायचं नाही, मुलांना घेऊन आधी उघड्यावर यायचं. धान्य कडक उन्हात वाळवा, दाताखाली कटकन तुटेल इतकं, मग हवाबंद कोठीत भरा. पोती असतील तर फळ्यांवर रचा आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा.

तसंच गॅसची टाकी खाली नको. आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो आणि दिव्याचं बटण दाबलं तरी पेट घेतो. डिझेलचं इंजिन, शेगडीतला कोळसा, चूलही नको. बाळंतिणीला शेक द्यायला उबदार जागा म्हणून कुणी खालची खोली सुचवली, तर सरळ नाही म्हणा.

कागदाचंही एक सांगते. घरकुल योजनेतून बांधत असाल, तर ठरावीकच पैसे मिळतात, आणि घर निदान २५ चौरस मीटरचं हवं. त्या पैशात खालची खोली बसत नाही. आधी योजनेचं घर पुरं करण्याचा हिशेब ठेवा, खोलीचे पैसे वेगळे काढा. नकाशात खोली आत्ताच दाखवा, ग्रामपंचायतीला द्या. आणि नमुना ८ वर घराला दोघांचं नाव लावून घ्या. माझं कर्ज त्या भिंतीत गेलं तेव्हा घर एकट्या ह्यांच्या नावावर होतं. मी ते बोलून दाखवलं. घरात आठ दिवस अबोला होता. मग सासूबाईच म्हणाल्या, "भिंत तिच्या पैशाची, नाव कसं नको?" पुढच्या ग्रामसभेच्या आधी अर्ज दिला.

आमच्या खोलीला अजून आतून गिलावा नाही. जमीन मुरुमाची, सारवलेली. गिरणी आता तिथेच बसवली आहे, तिच्यासाठी वेगळी वायर सोडलेली होतीच. बाजूच्या दोन झरोक्यांपैकी एक बुजवलेला होता, तो गेल्या वर्षी उघडला, मिरचीचा ठसका कोंडायला लागला म्हणून. आषाढात मी रोज सकाळी खाली उतरले की आधी मागच्या भिंतीवर पंजा ठेवून ओल बघते, मग बाहेर येऊन पाइपाच्या तोंडाशी पाणी वाहतंय का बघते, आणि मग गिरणी चालू करते.